एकोणीस नंबरच्या लॉकपाशी

टॉडमॉर्डनच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे.
त्यात व्हॅक्यूम क्लीनर, काड्या मोडलेल्या छत्र्या,
आणि साबणाच्या वडीएवढं माझं यंत्र.
पाच वॅट खातं. पंखासुद्धा नाही.
कान लावला तर काही ऐकू येत नाही,
पण मांजर बरोबर त्याच्याच अंगाला लागून झोपतं.

त्या यंत्रावर माझं एक पान राहतं.
चित्र नाही, चौकट नाही, रंग विचाराल
तर वाचणाऱ्याच्या पडद्याचा असेल तो.
उकडलेला बटाटा, वर मीठ.
कुकी घ्या, कुकी घ्या म्हणत
दारातच कुणी हात धरत नाही,
आणि कोपऱ्यातून आपोआप बोलायला लागणारी
गादी विकणारी बाईही नाही.

रोज रात्री इंग्रजीत चार ओळी, मराठीत दोन.
कालव्याचं पाणी दोन बोटं खाली.
बगळा आला होता, लॉकच्या दारावर बसून गेला.
ग्वेंडोलिनच्या बोटीतला पाइप पुन्हा गळतोय.
ओळ बहात्तर अक्षरांत बसवायची,
नाहीतर शेवटचा शब्द दशीसारखा लोंबतो.
(बाबा फणीच्या घरांतून धागे ओवायचे,
इचलकरंजीत, चष्मा कपाळावर ठेवून.
घर चुकलं की शिवी द्यायचे, धाग्याला नाही, स्वतःला.)

त्याआधी लीड्सच्या ऑफिसात सात वर्षं
मी बोटं मोजत होते.
बुटाच्या चित्रावर बोट किती थबकलं:
एक पूर्णांक चार सेकंद. एक पूर्णांक नऊ.
रात्री तीनला ते जास्त थबकतं
हा माझा शोध.
त्याबद्दल सगळ्यांनी मिळून केक आणला होता.

बाबांच्या मागालाही मीटर होता.
धोटा गेला की आकडा पुढे.
पण तो कापड मोजायचा.
कापड बघत उभ्या राहिलेल्या माणसाला नाही.

जिन्याखाली मी मोजणी ठेवलीच नाही.
कोण आलं, कुठून, किती वेळ टेकलं,
कळायला मार्ग नाही.
सुरुवातीला तलफ यायची,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी.
मग जीभ विसरली. बऱ्यापैकी.

नोव्हेंबरात कॅल्डर नदी रस्त्यावर आली.
मिल क्वार्टरपासून बेकरीपर्यंत वाळूच्या पिशव्या,
तीन दिवस वीज नाही.
मेणबत्तीपाशी बसून सूप प्यायले आणि
पानाची आठवण झाली ती चौथ्या दिवशी.
म्हटलं, कुणाचं काय अडलंय.

पुढच्या आठवड्यात पोस्टमन डेझमंड
एक कार्ड उलटसुलट करत दारात उभा.
पत्ता एवढाच:
हिरवं दार, एकोणीस नंबरचं लॉक, टॉडमॉर्डन.
"नाव नसलेलं टपाल मी आणायला नको," म्हणाला,
आणि माझ्या आधी वाचलंही होतं त्याने.

स्ट्रॉमनेसहून. ऑर्कनीतून. थरथरतं अक्षर.
"मंगळवारपासून पान उघडत नाही.
बगळा बरा आहे ना? आणि तो पाइप?
तुमच्या खालच्या दोन ओळी मला वाचता येत नाहीत.
माझ्या जुन्या यंत्रावर त्यांचे तुकडे होतात,
आकडे एका बाजूला, गोल गोल पोटं दुसऱ्या.
तरी मी त्या रोज शेवटपर्यंत बघतो."

वेलांट्या. माझ्या वेलांट्या
उत्तर समुद्राच्या कडेला सुट्या पडतात
आणि कुणीतरी त्यांच्याकडे बघत बसतं.
किती सेकंद, ते मला ठाऊक नाही.

त्या रात्री लिहिलं:
पाणी उतरलं. भिंतीवर चिखलाची रेघ गुडघ्याएवढी.
बगळा अजून दिसला नाही.
पाइप गळतोच आहे.
मग खाली मराठीत दोन ओळी,
मुद्दाम भरपूर वेलांट्यांच्या.